रस्ता कुणाचा? लेकीच्या सिव्हिक्स बीचा अनुभव

डेट्रॉइटच्या उपनगरांतल्या मराठी घरांमध्ये स्पेलिंग बी आणि मॅथकाउंट्स ही नावं सगळ्यांच्या ओळखीची. नॅशनल सिव्हिक्स बी या नागरिकशास्त्राच्या स्पर्धेबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझी लेक सातवीत असताना या स्पर्धेत उतरली. मुलांना एवढं खरंखुरं काम करायला लावणारी दुसरी स्पर्धा माझ्या तरी पाहण्यात नाही.

यू. एस. चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योग-व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या फाउंडेशनने सुरू केलेली ही स्पर्धा सहावी ते आठवीच्या मुलांसाठी आहे. स्थानिक फेरी तिथलंच चेंबर भरवतं. आधी पाचशे शब्दांचा निबंध द्यायचा: आपल्या भागातला एक प्रश्न निवडून त्यावर काय करता येईल ते मांडायचं. निबंधावरून निवडलेल्या मुलांची प्रत्यक्ष फेरी होते. तिथे बहुपर्यायी प्रश्न असतात आणि शेवटी उरलेली पाच मुलं निबंध वाचून परीक्षकांना तोंड देतात. त्यापुढे राज्याची फेरी, मग राष्ट्रीय. राष्ट्रीय फेरी पहिल्यांदा झाली ती २०२४ साली, वॉशिंग्टनमध्ये.

लेकीने विषय घेतला आमच्या वसाहतीपुढच्या रस्त्याचा. शाळा पलीकडेच, चालत जाण्यासारखी. पण क्रॉसवॉक नाही, म्हणून सगळी मुलं गाडीने जातात. पहिल्या खर्ड्यात तिने लिहिलं होतं, सिटीने इथे क्रॉसवॉक करावा. मी एवढंच विचारलं, "रस्ता सिटीचा आहे का गं?"

खरा अभ्यास इथून सुरू झाला. मिशिगनमध्ये आतले रस्ते सिटीचे, 'एम' अक्षराने सुरू होणारे महामार्ग राज्याचे, आणि एकेका मैलावर आखलेले मोठे माइल रोड बऱ्याचदा काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, रोड कमिशनचे. सिटीच्या इंजिनिअरिंग विभागाला तिने ईमेल केला. उत्तर आलं: रस्ता काउंटीचा आहे, त्यांच्याकडे विचारा. काउंटीच्या इंजिनिअरने तर तिला फोनवर नीट समजावून सांगितलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन असलेल्या वेगवान रस्त्यावर नुसते पांढरे पट्टे मारले, तर एका लेनमधली गाडी मुलासाठी थांबते आणि तिच्या आड झाकलं गेलेलं मूल शेजारच्या लेनमधल्या ड्रायव्हरला दिसतच नाही. म्हणून मध्ये थांबायला बेट हवं, लुकलुकणारे दिवे हवेत, आणि त्या खर्चात सिटीचा वाटा कसा असेल हेही ठरवायला हवं. मग तिने निबंध मुळापासून नव्याने लिहिला. वाक्यं सगळी तिची. मी फक्त शब्द मोजून दिले.

प्रश्नमंजुषेची तयारी आम्ही तिघांनी मिळून केली, कारण त्याच वसंतात नवऱ्याची सिटिझनशिपची मुलाखत होती. तेव्हाच्या त्याच्या परीक्षेत शंभर प्रश्नांची यादी होती, त्यातले अधिकारी दहापर्यंत विचारायचे, सहा बरोबर यायला हवे होते. जेवताना लेक बाबाला विचारायची, "सिनेटर किती? हाउसचे सदस्य किती?" आणि बाबा पोळी हातात धरून शंभर, चारशे पस्तीस असं सांगत राहायचा. माझं सातवीचं नागरिकशास्त्रही कामाला आलं. भारतात शेषाधिकार, म्हणजे संविधानात कुणाला वाटून न दिलेले अधिकार, केंद्राकडे, इथे दहाव्या घटनादुरुस्तीने ते राज्यांकडे आणि लोकांकडे ठेवलेत, हे मी सांगितलं तेव्हा तिला आपोआप उलगडलं की अमेरिकेच्या संविधानात सिटी किंवा काउंटीचा उल्लेख का सापडत नाही. सिटी, काउंटी ही राज्यांनीच घडवलेली यंत्रणा आहे. आमचा रस्ता काउंटीकडे कसा आला, याचं उत्तर तिथे होतं.

सनावळ्या पाठ करणं तिला कंटाळवाणं वाटायचं, माणसांच्या गोष्टी मात्र लगेच लक्षात राहायच्या. मेरी बेथ टिंकर ही आयोवा राज्यातल्या डेमॉइनची तेरा वर्षांची मुलगी १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी पट्टी बांधून शाळेत गेली, शाळेने तिला निलंबित केलं, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याच वयाची मुलगी म्हटल्यावर लेकीने ते निकालपत्र शोधून वाचायला घेतलं. अर्धं तिला कळलं नाही, तरी सोडलं नाही. दुसरी गोष्ट काँग्रेसच्या सदस्यांच्या पगाराबद्दलच्या सत्ताविसाव्या घटनादुरुस्तीची. १७८९ मध्ये मांडलेली ही दुरुस्ती १९९२ मध्ये मंजूर झाली, कारण टेक्सासमधल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने तिच्यावर निबंध लिहिला, त्याला 'सी' ग्रेड मिळाला, आणि त्याने हट्टाने राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं पाठवायला सुरुवात केली.

स्थानिक फेरीत ती पहिल्या पाचांत आली. निबंध वाचून झाल्यावर एका परीक्षक बाईंनी विचारलं, "काउंटीने नाही म्हटलं तर?" लेक क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आमच्याकडे रोड कमिशनच्या सदस्यांची नेमणूक काउंटी बोर्ड करतं. बोर्डाचे सदस्य आम्ही निवडून देतो. मी आमच्या भागातल्या सदस्याकडे जाईन." असं कुणाला विचारावं लागेल हे मला चाळिशीतही माहीत नव्हतं, मी टाळ्या वाजवायच्या विसरून तिच्याकडे बघत राहिले.

राज्याच्या फेरीला तिची निवड झाली नाही. ती हिरमुसली, गाडीत फार बोलली नाही. पण आठवीचं वर्ष अजून हातात आहे. तुमचं मूल या वयाचं असेल तर आपल्या भागातलं चेंबर ही स्पर्धा भरवतं का, ते शाळा सुरू होतानाच विचारा. निबंधाची मुदत साधारण हिवाळ्यात संपते, आणि सरकारी कार्यालयांची उत्तरं यायला वेळ लागतो. विषय घराजवळचा घ्या, मुलाला तिथे स्वतः चालत जाता येईल असा. आमच्याकडे सध्या ग्रंथालयाच्या मिलेजवर चर्चा सुरू आहे: घरपट्टीतला तो कर कोण ठरवतं आणि मतदान कधी होतं, याची माहिती लेक गोळा करते आहे. क्रॉसवॉकबद्दल सिटी काउन्सिलच्या पुढच्या बैठकीत बोलायचंय, त्यासाठी तीन मिनिटांचं भाषण तिने लिहून ठेवलंय.