रजिस्टर उघडलं नाही

"मॅडम, ही बाई शोधता येईल," रेसिडेंट म्हणाला. बडोद्याच्या दांडिया बाजारातला मुलगा. हुशार, म्हणूनच जरा धोक्याचा.

एचआयव्हीच्या सेंटिनल पाहणीत, म्हणजे ठरावीक केंद्रांवरून लागणीचं प्रमाण मोजणाऱ्या पाहणीत, गरोदर बायकांच्या ओपीडीत पहिल्यांदा येणाऱ्या 15 ते 49 वयाच्या बायका ओळीने घ्यायच्या, कुणाला गाळायचं नाही. एका केंद्राला 400. सिफिलिससाठी रक्त काढतातच. त्यातलं उरलेलं सीरम नाव पुसून, कोड घालून प्रयोगशाळेत जातं. एचआयव्ही तपासू का, असं विचारत बसलं तर नेमक्या धास्तावलेल्या बायका निसटतात आणि आकडा फसतो. आकडा फसणं म्हणजे काय, ते 2007 मध्ये कळलं: घरोघरच्या पाहणीतलं रक्त हिशेबात धरल्यावर देशातल्या बाधितांचा अंदाज पन्नास लाखांच्या वरून 25 लाखांच्या आसपास उतरला.

तर एक ट्यूब पॉझिटिव्ह. नाव नव्हतं, पण फॉर्म होता: वय, शिक्षण, पहिलं गरोदरपण, खेड्यातली, नवरा ट्रकवर क्लीनर. ओपीडीचं रजिस्टर शेजारी ठेवलं की पाच मिनिटांत नाव. मी ते मागवू दिलं नाही.

या सगळ्या रीतीला आधार एकच: त्याच इमारतीत तिला तिच्या संमतीने वेगळी तपासणी मिळते. समुपदेशन केंद्राला फोन केला, तर त्या आठवड्यात तपासणीच्या किटच नव्हत्या. मागणीपत्र कुणाच्या तरी टेबलावर पडून होतं. वर उत्तर, "पुढच्या खेपेला करूच की!" पहिलटकरीण पुढच्या खेपेला माहेरी असते, हे यांना कोण सांगणार? औषधं वेळेवर सुरू झाली तर बाळाला लागण होण्याचा धोका 5 टक्क्यांच्या खाली येतो. काहीच केलं नाही तर तो 15 ते 45 टक्के असतो.

त्या आठवड्यातल्या सगळ्याच बायकांना आशाताईंकरवी परत बोलावलं, कुणालाही वेगळं न काढता. बऱ्याच आल्या. त्यांत ती होती का, ते मी विचारलं नाही.

रेसिडेंट चिडला. म्हणाला, "नियम पाळला, बाई राहिली तर?" एकट्या तिच्याच दारात आशाताई गेली असती, तर अख्ख्या फळियात, म्हणजे तिच्या आळीत, कुजबुज झाली असती, असं मी म्हटलं. त्याला पटलं नाही. मलाही रात्री पूर्ण पटत नाही.

किटचा साठा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आमच्या केंद्रावर नमुने घेणार नाही, असं पत्र वर दिलंय. अजून उत्तर नाही.