फुगे विकते, सोडत नाही

"अहो वहिनी, धंदा फुग्यांचा करता आणि हवेत सोडायचे म्हटलं की नाक का मुरडता?" इंदूरच्या रामबागेत म्हणा, लोकमान्य नगरात म्हणा, वाढदिवसाची सजावट करायला गेले की कुणीतरी हे विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मीही सोडलेत. आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांच्या पंच्याहत्तरीला, गच्चीवरून, मोजून 75. हेलियम भरलेले, प्रत्येकाला सोनेरी रिबन. टाळ्या झाल्या, व्हिडिओ झाला. त्यातले सात एकमेकांत गुंतून समोरच्या कडुलिंबात अडकले आणि पुढचं सगळं मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघावं लागलं. दोन दिवसांत फुगे बसले. रबराची लक्तरं मात्र पावसाळ्यापर्यंत लोंबत होती. रिबनीने तर दोन पावसाळे काढले. माल देणारा म्हणायचा, झाडाच्या चिकाचं रबर आहे, आपोआप कुजतं. कुजतं की, पण सावकाश. आणि रिबन कुठल्या झाडाला लागते?

उरलेले 68 कुठे उतरले, देव जाणे. फुगा काही किलोमीटर वर जाऊन फुटतो, नाहीतर हवा जाऊन बसतो. वर कुणी ठेवून घेत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मेलेल्या समुद्रपक्ष्यांच्या पोटातलं प्लास्टिक तपासलं, तर कडक तुकड्यापेक्षा फुग्याचा तुकडा 32 पट जीवघेणा निघाला. हे 2019 चं. आपल्याकडे समुद्र नाही, पण सिरपूरचा तलाव आहे ना, पक्ष्यांनी भरलेला!

आपल्या इंदूरची मला गंमत वाटते. ओला वेगळा, सुका वेगळा, रस्त्यावर कागद टाकलात तर चलान. तोच कचरा वर सोडला की टाळ्या. फुग्याच्या प्लास्टिक काडीवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. काडी बंद, फुगा मोकळा.

अमेरिकेत काही राज्यांनी फुगाच धरलाय. फ्लोरिडात पूर्वी 24 तासांत दहा सोडले तर गुन्हा, नऊ चालायचे; 'कुजणारे' असले तर तेही माफ. जुलै 2024 पासून दोन्ही पळवाटा बुजवल्या. व्हर्जिनियात 2021 पासून फुग्यामागे 25 डॉलरपर्यंत दंड आहे, म्हणजे आमच्या पंच्याहत्तरीचं बिल 1,875 डॉलरपर्यंत गेलं असतं! फ्लोरिडावाल्यांचं एक मला फार आवडलं: सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला दंड नाही.

आता मी फुगे कमानीत बांधते, हेलियमच्यांना खाली वजन लावते, आणि कार्यक्रम संपला की टाचणी मारून सगळं गोळा करून नेते. सोडायचेच असतील तर दुसऱ्या कुणाला बोलवा. त्यात दोन-चार ऑर्डरी जातात, जाऊ देत.

गेल्या महिन्यात एका बारशाला बाळाच्या पाच वर्षांच्या ताईने हळूच एकाची गाठ सोडलीच. गेला वर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय बोलणार? ती फ्लोरिडातही सुटली असती.