हॅशची यादी डिस्कबाहेर नेल्यानंतरची पहिली पडताळणी
प्रणालीच्या फाइल्समध्ये कोणी फेरफार केला तर कळावे म्हणून मागच्या टप्प्यात माझ्या संगणकावरील डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ‘यूएसआर’ (प्रोग्राम) आणि ‘बूट’ (संगणक सुरू करणाऱ्या फाइल्स) या डिरेक्टरींतील सर्व फाइल्सचे शा-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, मजकूर बदलला की बदलणारा ठसा) काढून त्यांची यादी त्याच डिस्कवर ठेवली होती. ज्याला प्रणालीतील फाइल बदलता येते त्याला ती यादीही बदलता येते, म्हणून आता ती एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर उतरवली आहे. पडताळणीही लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे यूएसबीवरच्या वेगळ्या प्रणालीने संगणक सुरू करून केली, कारण डिस्कवरील प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नलच बाधित असेल तर तो वाचायला मूळ फाइल देऊन चालवायला दुसरीच फाइल घेऊ शकतो.

पहिली फेरी वाया गेली. यादीतील फाइल्सचे मार्ग मुळापासून, म्हणजे तिरक्या रेघेने सुरू करून लिहिलेले असल्यामुळे हॅश तपासण्याची आज्ञा माझ्या डिस्कऐवजी लाइव्ह प्रणालीच्याच फाइल्स तपासत राहिली. हॅश पुन्हा काढले असते, तर तुलनेचा आधारच गेला असता. म्हणून यादीच्या प्रतीतील प्रत्येक मार्गाची फक्त आरंभीची तिरकी रेघ काढली आणि माउंट केलेल्या (लाइव्ह प्रणालीला जोडून घेतलेल्या) डिस्कच्या मुळाशी जाऊन आज्ञा दिली.

दुसऱ्या फेरीत न जुळलेल्या फाइल्स यूडेव (जोडलेली उपकरणे हाताळणारा प्रोग्राम) व त्याच्या सोबतच्या पॅकेजांतल्या होत्या, शिवाय ‘बूट’मधील इनिट्रॅमएफएसही (संगणक सुरू होताना कर्नल आधी वापरतो तो फाइल्सचा छोटा संच) जुळले नाही. मधल्या काळात अपडेट झाल्याची नोंद लॉगमध्ये होती, पण तो लॉगही त्याच डिस्कवरचा. म्हणून तीच पॅकेजे दुसऱ्या संगणकावर उतरवली. डेबियनच्या ‘रिलीज’ फाइलवर डिजिटल स्वाक्षरी असते, तिच्यात ‘पॅकेजेस’ या सूचीचा हॅश असतो आणि त्या सूचीत प्रत्येक पॅकेजचा. ही साखळी कडीकडीने तपासून मगच पॅकेजे उलगडली. आतील फाइल्सचे हॅश डिस्कवरील फाइल्सशी तंतोतंत जुळले, तेव्हा मला खरा आनंद झाला.

इनिट्रॅमएफएसला मात्र हा मार्ग उपलब्ध नाही. ते ज्याच्या त्याच्या संगणकावर तयार होते, त्यामुळे त्याचा अधिकृत हॅश कुठेच प्रसिद्ध होत नाही. ते उलगडून आतील प्रोग्राम व कर्नल मॉड्यूल्स (कर्नलला जोडले जाणारे भाग) पडताळलेल्या फाइल्सशी ताडून पाहिले; संरचनेच्या (सेटिंग्जच्या) फाइल्स एकेक वाचून काढल्या. हे काम वेळखाऊ आहे, तरी ते टाळू नये असे माझे ठाम मत आहे.

एक उणीव अजून बाकी आहे: यादीत नसलेली, नव्याने आलेली फाइल या पद्धतीत दिसतच नाही आणि परवानग्यांतील बदलही कळत नाहीत. पुढच्या फेरीपासून सर्व मार्गांची, मालकांची व परवानग्यांची वेगळी यादी काढून तीही डीव्हीडीवर ठेवणार आहे.