तुम्ही विचारलंत म्हणून: मी सौर दिनांक का लिहितो

"गुरुजी, सरळ तारीख लिहायले काय जाते जी तुमचं?" हा प्रश्न अर्ज देताना, पावती घेताना, लग्नाच्या पंगतीतही मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की उत्तर एकदाचे लिहून ठेवलेले बरे.

मी भारतीय राष्ट्रीय सौर दिनांक लिहितो, म्हणजे सूर्यावर बेतलेल्या सरकारी दिनदर्शिकेतला, शक वर्षाचा. त्यात धर्माभिमान नाही, आणि म्हातारचळ तर नाहीच. १९५२ साली भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली जी दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली, तिचे एक सदस्य डॉ. के. ल. दप्तरी नागपूरचे होते, हे विदर्भातल्या माणसालाही सांगावे लागते. समितीची दिनदर्शिका सरकारने २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजेच १ चैत्र १८७९ रोजी, लागू केली. राजपत्रावर तो दिनांक छापला तर रीत, आणि मी लिहिला तर विक्षिप्तपणा, हा न्याय मला कळत नाही.

आता २०१९ सालची ती गोष्ट, जी तुम्ही हसत सांगता आणि मला हसून ऐकावी लागते. मृग लागण्याच्या सुमारास कृषी केंद्रात कपाशीचे बियाणे घेतले आणि धनादेशावर '१७ ज्येष्ठ १९४१' लिहिले. मालकाने भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. चांद्र ज्येष्ठ लागून आठवडाही झालेला नव्हता, त्यामुळे सतरा कुठून आले हे त्याला कळेना. तरी ओळखीखातर त्याने धनादेश घेतला. बँकेत मात्र खिडकीवरच्या मुलाने तो गर्दीसमोर उंच धरून, "हा चेक तं एकोणीसशे एकेचाळीसचा हाय, ब्याऐंशी सालचा भारत छोडो व्हायच्याही आधीचा," असे म्हटले, आणि मागच्या रांगेतून जो हशा उठला, त्यात माझे दोन जुने विद्यार्थीही होते. राष्ट्रीय शकातला दिनांक असलेला धनादेश स्वीकारावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, हे मी सांगितले. "ब्याऐंशी नव्हे, बेचाळीस," हेही सांगितले. त्याने धनादेश परत केला. बियाण्याच्या पिशव्या मालकाने पैसे मिळेपर्यंत दुकानातच ठेवून घेतल्या. इतक्या वर्षांच्या व्यवहारानंतर, चारचौघांसमोर. त्या साली पाऊसच उशिरा आला म्हणून पेरणी चुकली नाही. पण पावसाने लाज राखली, याला माझी बाजू खरी ठरली असे म्हणता येत नाही.

तेव्हाचा मी तावातावाने म्हणत असे, की ही गणना पूर्णपणे आपली आहे. आज मी त्याला अडवतो. लीप वर्ष ठरवायचे कसे? शकात ७८ मिळवायचे आणि येणारे इसवी सन लीप असेल तर चैत्र ३० ऐवजी ३१ दिवसांचा धरून वर्ष २१ मार्चला सुरू करायचे. शक १९४६ मध्ये ७८ मिळवले की २०२४ येते. म्हणून त्या वर्षी चैत्र ३१ दिवसांचा. म्हणजे १९०० लीप नाही, २००० मात्र लीप, हा पोप ग्रेगरींच्या १५८२ च्या सुधारणेतला नियमच आपण जसाच्या तसा घेतला आहे. ज्युलियन वर्ष सुमारे अकरा मिनिटांनी लांब होते, ती चूक साचत जाऊन वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा क्षण, दहा दिवस अलीकडे सरकला होता, म्हणून त्या साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर मोजावा लागला.

यावर तो तेव्हाचा गुरुजी गप्प बसत नाही. तो म्हणतो, नियम घेतला, पण महिने तर सूर्याचे आहेत ना? वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, कारण त्या काळात सूर्याची भासमान गती मंद असते. वर्ष संपाताशी बांधलेले, म्हणून ऋतूंपासून ढळणार नाही. आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून वर्ष मोजणाऱ्या, पंचांगातला मृग मात्र साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. हे खरेच आहे. पण बहात्तर वर्षांची काळजी बी पेरणाऱ्याने का करावी, याचे उत्तर त्याच्याकडे नाही, आणि माझ्याकडेही नाही. शिवाय समितीने महिन्यांची जुनीच नावे ठेवून एकाच गावात दोन ज्येष्ठ नांदवले, हा तिचा दोष मी कितीही वकिली केली तरी झाकता येत नाही.

धनादेशावर आता मी इंग्रजी तारीख घालतो. पटले म्हणून नाही, बियाणे हवे असते म्हणून. ग्रामपंचायतीच्या अर्जावर मात्र सौर दिनांकच असतो. लिपिक त्याखाली पेन्सिलीने आपली तारीख लिहितो, आणि त्याला मी हरकत घेत नाही.