पित्त नव्हतं ते

मागच्या मे महिन्यात भर दुपारी कूलरसमोर चित्र रंगवत बसलेली माझी 9 वर्षांची लेक एकदम फरशीवर पालथी झाली. दोन्ही तळवे फरशीला घट्ट दाबलेले. "आई, घर फिरून राहिलं," एवढंच म्हणाली. चेहरा पांढराफटक. थोड्या वेळानं उलटी झाली, मग दोन तास झोपली आणि उठल्या उठल्या पोहे मागितले.

"ऊन लागलं पोरीले," सासूबाई म्हणाल्या. नागपुरात पारा 45 ला टेकलेला, मलाही पटलं. कैरीचं पन्हं दिलं, खिशात कांदा ठेवला. पण जूनअखेर शाळा उघडली, पाऊस पडला, तरी तेच. कधी व्हॅनमधून उतरताना, कधी प्रार्थनेच्या रांगेत. एका डॉक्टरांनी कानाचे थेंब दिले, दुसऱ्यांनी चक्करच्या गोळ्या. शाळेतून निरोप आला, गणिताचा तास आला की ही नाटक करते. तो शब्द फार लागला मला. पांढरंफटक पडायचं नाटक कोणत्या लेकराला जमतं?

शेवटी रामदासपेठेत मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. फाइल बाजूला ठेवून त्यांनी थेट तिलाच विचारलं, "तू फिरतेस की खोली फिरते?"

"खोली."

"डोळे मिटले तर?"

"तरी फिरते. मंग लाइट बंद करावा वाटते. अन् आजीनं मिक्सर नाही लावला पाह्यजे."

मिक्सरचं मला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी मात्र तेच आधी लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, घरात कोणाला मायग्रेन? नाही म्हटलं. तुमचं डोकं दुखतं? म्हटलं, माझं पित्त आहे, कॉलेजपासून. अर्धं डोकं ठणकतं, उजेड नको होतो, उलटी झाली की बरं वाटतं. हे बोलता बोलताच माझा आवाज बारीक झाला. माझी आई याला अर्धशिशी म्हणायची. मी वीस वर्षं पित्ताच्या गोळ्या खात होते.

मग डॉक्टरांनी पोरीला फरशीच्या जोडावरून टाचेला अंगठा लावून चालवलं, डोळे मिटून उभं केलं, डोळ्यांची हालचाल पाहिली. कानाची तपासणी आणि चष्म्याचा नंबर बाहेरून करून आणायला सांगितला. दोन्ही ठीक निघाले. एमआरआय लगेच नको म्हणाल्या, कारण दोन झटक्यांच्या मधे पोरगी अगदी धडधाकट असते. चालताना सतत तोल जात असता, ऐकू कमी येत असतं, एकाचे दोन दिसत असते, पहाटे डोकेदुखीनं जाग येऊन उलट्या होत असत्या, शुद्ध हरपत असती, तर थांबलो नसतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

याला वेस्टिब्युलर मायग्रेन म्हणतात, म्हणजे डोकेदुखीपेक्षा चक्कर येण्यातून दिसणारं मायग्रेन. 2021 मध्ये बारानी सोसायटी (चक्कर आणि तोलाच्या विकारांवरच्या तज्ज्ञांची संस्था) आणि इंटरनॅशनल हेडेक सोसायटी (डोकेदुखीवरच्या तज्ज्ञांची) यांनी मुलांसाठी याचे वेगळे निकष ठरवले: किमान 5 झटके, प्रत्येक 5 मिनिटांपासून 72 तासांपर्यंतचा, मुलाला स्वतःला आधी किंवा आत्ता मायग्रेन असणं, आणि निम्म्या तरी झटक्यांत मायग्रेनची खूण. शेवटच्या दोन्हींपैकी एकच जुळलं, जसं आमच्या लेकीचं, तर त्याला 'संभाव्य' म्हणतात. ती खूण डोकेदुखीच असली पाहिजे असं नाही, उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणं हीसुद्धा खूणच. इथंच आम्ही चुकत होतो. डोकं दुखत नाही ना, मग मायग्रेन कसं, असं धरून बसलो होतो.

रोजची गोळी त्यांनी सुरू केली नाही. 2017 मध्ये अमेरिकेत 8 ते 17 वर्षांच्या मुलांवरच्या मोठ्या चाचणीत मायग्रेन टाळण्यासाठीची दोन नेहमीची औषधं औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती. आधी दोन महिने प्रत्येक झटक्याची वही लिहा, म्हणाल्या. झटका आलाच तर सुरुवातीलाच वजनाच्या हिशेबानं आयबुप्रोफेन, तेही वरचेवर नाही. मुलांना ॲस्पिरिन तर नाहीच.

वहीनं जे दाखवलं ते मला कधी सुचलं नसतं. 8 झटक्यांपैकी 6 झटके उपाशीपोटी किंवा जागरणाच्या दुसऱ्या दिवशी. साडेसहाच्या व्हॅनसाठी ती नुसतं दूध पिऊन जायची. आता पराठ्याचे चार घास तरी खाल्ल्याशिवाय दार उघडत नाही. बाटली शाळेतच दोनदा भरायची. रविवारीही उठायची वेळ तीच, यावर मात्र घरात अजून भांडण होतं. झटका आला तर उन्हात उभं न ठेवता अंधाऱ्या खोलीत झोपवावं, असं डॉक्टरांचं पत्र वर्गशिक्षिकेच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

गेल्या दोन महिन्यांत दोनच झटके. दुसरा माझ्या भावाच्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी आला, रात्री साडेबाराला झोपली होती. सासूबाईंनी वाटण अर्धवट सोडून मिक्सरचं बटण बंद केलं आणि पडदे ओढले.