काळा लॅब, पुढचा भाग: दुसरी फ्रेम का बिघडते ते सापडलं (बहुतेक)

सापडलं एकदाचं! गुंड्या (मी स्टुडिओ फ्लॅशने ज्याचे फोटो काढतेय तो काळा लॅब्राडॉर, पहिल्या फोटोनंतर दर वेळी बिथरतो तो) फ्लॅशच्या उजेडाला घाबरतच नाहीये. तो दचकतो आवाजाला, आणि तोही आपल्याला ऐकू येतो तो 'फट्' आवाज नाही, त्याच्या नंतरचा, ज्याचा आपल्या कानांना पत्ताच लागत नाही. मागच्या अपडेटनंतर निम्म्या लोकांनी 'फ्लॅश सोड, एलईडी घे' सांगितलं आणि उरलेल्यांनी 'फ्लॅशने कुत्र्याच्या डोळ्यांचं काय' विचारलं. दोन्हीकडे येते, पण आधी हे नीट सांगू दे, कारण बरेच वीकेंड यातच गेलेत.

सेटअप तोच. की लाइटला (मुख्य दिव्याला) ९० सेंमीचा ऑक्टा, म्हणजे उजेड मऊ करणारा आठकोनी सॉफ्टबॉक्स, पुढे दोन पांढरे पडदे, गुंड्यापासून मीटरभरावर. मागून डाव्या बाजूला स्ट्रिपबॉक्स (लांबट अरुंद सॉफ्टबॉक्स), त्यावर उजेड पसरू न देणारी जाळी, म्हणजे ग्रिड. दोन्हीत २०० वॉट-सेकंदाचे बॅटरीवाले हेड, म्हणजे फ्लॅशचे दिवे. शटर १/२००, ॲपर्चर एफ/८, आयएसओ १००. एफ/८ पेक्षा जास्त उघडलं तर लॅबचं नाक आणि डोळे एकाच वेळी शार्प मिळत नाहीत, इतकं लांब थोबाड आहे त्याचं, आणि काळ्या फरमध्ये काहीतरी दिसायला हवं म्हणून की लाइट अर्ध्या पॉवरवर.

आणि दर वेळी तेच. पहिली फ्रेम झकास, कान पुढे, तोंड बंद, नजर थेट लेन्समध्ये. दुसऱ्या फ्रेमला कान डोक्याला चिकटलेले, डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसतोय, जीभ नाकावर. तिसऱ्या फ्रेमला नुसता बॅकग्राउंड, गुंड्या त्याच्या ताईच्या मागे.

पहिली चांगली येते यात नवल काही नाही. फ्लॅशचा प्रकाश काही मिलिसेकंदांत येऊन संपतो, आणि कुत्रा असो की माणूस, दचकायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे एका फ्लॅशमुळे झालेली दचक त्याच फ्लॅशच्या फोटोत सापडत नाही, ती पुढच्या फोटोत सापडते. टीटीएल (कॅमेराच फ्लॅशची पॉवर ठरवतो तो मोड) वाल्यांचं वेगळं, तिथे मोजमापाचा प्री-फ्लॅश आधी उडतो आणि मुख्य फ्लॅश येईपर्यंत पापणी मिटायला वेळ मिळतो, त्यामुळे 'आमचा सगळ्या फोटोत डोळे मिटून' असं ज्यांचं रडगाणं आहे त्यांनी आधी मॅन्युअलवर जा आणि मग बोला.

तर उजेड आणि आवाज वेगळे करायचं ठरवलं. आधी नुसता उजेड. हेड खिडकीबाहेर स्टँडवर, काच घट्ट बंद, फ्लॅश काचेतून आत. गुंड्या जमिनीवर पसरून दोरीचं खेळणं चावतोय. फ्लॅश उडाला, साहेबांनी एकदा खिडकीकडे बघितलं आणि परत दोरी. पुन्हा उडवला, यावेळी मान वर करायचीही तसदी घेतली नाही. मग नुसता आवाज. हेड खोलीत, रिफ्लेक्टरच्या तोंडावर काळा फॉइल, पॉवर कमी, म्हणजे उजेड जवळपास शून्य. उडवला आणि कान मागे. दोरी सुटली तोंडातून.

इथे मला वाटलं 'फट्' हाच चोर. पण फोनवर १२० एफपीएसला व्हिडिओ घेतला होता तो हळू चालवून बघितला तेव्हा दिसलं की 'फट्' ला कान हलतात आणि लगेच पुन्हा सरळही होतात. मग क्षणभराने ते मागे जातात आणि तिथेच राहतात, हेड पुढच्या फ्लॅशसाठी परत रेडी होईपर्यंत. रेडी झाला की हळूहळू पुढे. रेडी झाल्याचं बीप तर मी पहिल्या दिवसापासून बंद ठेवलंय, त्यामुळे तेही नाही.

आणि मग ती गंमत झाली. हेड बंद होता, गुंड्या निवांत, मी पुढच्या टेस्टसाठी फक्त पॉवर बटण दाबलं. काही उडवलं नाही. फट् नाही, उजेड नाही, बीप नाही. आणि कान मागे! हेड चालू होताना एकच गोष्ट करतो, रिकामा कपॅसिटर (फ्लॅशची वीज साठवणारा भाग) भरतो. बस. खात्री करायला बंद-चालू करून बघितलं, ताईलाही करायला लावलं (माझ्या हाताच्या हालचालीला बघत असेल तर?), ताई पडद्यामागे असतानाही तेच.

कारण विचार केला तर सरळ आहे. बॅटरीचे थोडेसे व्होल्ट चढवून कपॅसिटरला काहीशे व्होल्टपर्यंत न्यायचं तर आतला कन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो, आणि त्या तालावर कॉइल आणि आजूबाजूचे पार्ट प्रत्यक्षात थरथरतात. जुन्या फ्लॅशगनची ती चढत जाणारी शिट्टी ज्यांनी ऐकलीये त्यांना कळेल. नवीन हेड शांत वाटतात कारण त्यांची शिट्टी आपल्या २० किलोहर्ट्झच्या वर गेलीये. आपल्या. कुत्र्याला साधारण ४५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं.

फोनच्या स्पेक्ट्रम ॲपने हे पकडायला जाऊ नका. फोनचा माइक ४८ किलोहर्ट्झने सॅम्पल करतो, म्हणजे २४ च्या वरचं त्याला कळणं शक्यच नाही. मी वटवाघळांच्या मागे फिरणाऱ्या एका मित्राकडून बॅट डिटेक्टर (वटवाघळांचे आपल्याला न ऐकू येणारे आवाज ऐकवणारं यंत्र) उसना आणला. हेटरोडाइन वाला, साधा, एक गोल बटण फिरवून फ्रीक्वेन्सी लावायची आणि त्या पट्ट्यातला आवाज तो आपल्याला ऐकू येईल इतका खाली आणतो. फ्लॅश उडवला, बटण तिशीच्या थोडं पुढे नेलं आणि स्पीकरमधून अशी करकर आली की मीच दचकले. रेडी लाइट लागल्यावर थांबली, मग अधूनमधून बारीक टिकटिक, म्हणजे कपॅसिटर टॉप-अप करत असणार. म्हणजे फोटो काढत नसतानाही तो मधेमधे कुजबुजतोच! गुंड्या स्टूलवर बसल्या बसल्या उगाच ऑक्टाकडे मान वळवायचा त्याचा उलगडा तिथे झाला.

आणि आमची चिमी इतकी शांत मॉडेल का, तेही बहुतेक इथेच. चिमी १२ वर्षांची आहे, आणि वयानुसार कुत्र्यांचं वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होत जातं. सगळ्या लाइटिंग टेस्ट मी चिमीवर करते, तिला काही होत नाही, आणि मग तरुण कुत्रा आला की बोंब. यापुढे नवीन गिअरची टेस्ट तरण्या कानांवरच.

आता डोळ्यांचं, पटकन. मोठ्या सॉफ्टबॉक्समधून, मीटरभरावरून, खोलीतला दिवा चालू ठेवून निरोगी मोठ्या कुत्र्याचे फोटो काढायला मला काही वाटत नाही. दिवा चालू ठेवाच, काळोखात बाहुली पूर्ण उघडलेली असते आणि तेव्हा फ्लॅश जास्त खुपतो, शिवाय फोटोत डोळ्याचा रंगच दिसत नाही, सगळी काळी बाहुली. १/२०० ला घरातला दिवा फ्लॅशच्या कितीतरी स्टॉप खाली (म्हणजे कितीतरी पट मंद) राहतो, फोटोत येत नाही. उघडी ट्यूब चेहऱ्याजवळ कधीच नाही. डोळे नुकतेच उघडलेली पिल्लं नाहीत, डोळ्यांचं ऑपरेशन झालेले किंवा बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले नाहीत. आणि फिट येणाऱ्या कुत्र्याला फ्लॅश अजिबात नाही. हा बाऊ नाहीये, ऱ्होडेशियन रिजबॅकमध्ये लहान वयात येणारी एक अपस्मारासारखी गोष्ट आहे, डीआयआरएएस१ नावाच्या जीनमधल्या दोषामुळे होते, २०१७ मध्ये त्यावर पेपर आला, आणि त्यातल्या काही कुत्र्यांना प्रकाशाने झटके सुरू होतात. त्यामुळे बुकिंग घेताना पहिला प्रश्न तोच विचारते. हिरवे डोळे चमकण्याची ज्यांना भीती वाटते त्यांनी निवांत राहा, तो डोळ्यामागचा टेपिटम (आरशासारखा थर) आहे, लाइट लेन्सच्या अगदी शेजारी असेल तरच उलटा फेकतो. ऑक्टा बाजूला आणि वर असेल तर प्रश्नच नाही. रिंग फ्लॅश (लेन्सभोवती गोल बसणारा) मात्र विसरा.

परत आवाजाकडे. पहिला उपाय फुकट होता. आयएसओ १०० चं ४००, पॉवर अर्ध्यावरून आठव्या हिश्श्यावर. फोटो तोच, पण 'फट्' बारीक आणि रिसायकल (कपॅसिटर परत भरणं) साधारण चौथाई वेळात, म्हणजे शिट्टीही तेवढीच. काळ्या फरमध्ये आयएसओ ४०० चा ग्रेन दिसेल म्हणून ओरडणाऱ्यांनी एक्स्पोजर जरा उजवीकडे (म्हणजे फोटो किंचित उजळ) ठेवा आणि शॅडो कमी उचला, बाकी काही होत नाही. वर बोनस असा की आयजीबीटी (फ्लॅश मधेच तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) वाल्या हेडमध्ये पॉवर कमी केली की फ्लॅश ड्युरेशनही आखूड होतं, कान झटकताना सुद्धा शार्प.

याने गुंड्या पळायचा थांबला पण कान मागेच. म्हणून दुसरा उपाय, एक्स्टेन्शन केबल. ट्यूब ऑक्टामध्ये, आणि हेडचं धूड दोनेक मीटर लांब जमिनीवर, मधे जाड गोधडी खुर्चीवर टाकलेली. गोधडी हेडवर टाकू नका प्लीज, हवेची भोकं मोकळी हवीत, नुसता आडोसा करायचा. इतक्या वरच्या पट्टीतला आवाज कपड्यात छान मरतो. गुंड्याच्या स्टूलवर बॅट डिटेक्टर धरला तर जवळपास गप्प.

आणि मंडळी, दुसऱ्या फ्रेमला कान पुढे! तिसरीलाही. पुढे मोजायचं सोडून दिलं. त्यातली एक फ्रेम मी सारखी उघडून बघतेय. डोळ्यात ऑक्टाच्या आठही कडा मोजता येतात, त्याच्या खाली तपकिरी बुबुळातले बारीक धागे, नाकावरचे ओले खवले एकेक वेगळे, आणि मिशीचा एक केस स्ट्रिपच्या उजेडात पांढरा पेटलेला. काळ्या कुत्र्याचा फोटो म्हणजे दोन डोळे आणि एक भोक, असं म्हणणाऱ्यांना दाखवणार आहे. फोकससाठी ॲनिमल आय एएफ (कॅमेऱ्याचा प्राण्याचा डोळा शोधणारा ऑटोफोकस) काळ्या चेहऱ्यावर अजूनही कधीकधी भुवईवर जाऊन बसतं, मॉडेलिंग लॅम्प (हेडमधला सतत पेटणारा दिवा) वाढवला की सुधारतं.

गिअरबद्दल एक-दोन शब्द. केबल मागवली त्या दुकानाने आधी दुसऱ्याच मॉडेलची पाठवली आणि वर मलाच विचारलं की नक्की बसत नाही का. स्ट्रिपबॉक्सच्या ग्रिडचं वेल्क्रो. कुत्र्याच्या दोन फूट अंतरावर ते खर्रकन ओढायचं डिझाइन ज्याने केलं त्याने कधी कुत्रा पाळलेला नाही. ग्रिड आधीच लावून ठेवा, नंतर हात लावू नका. हॅलोजन मॉडेलिंगवाले जुने हेड वापरत असाल तर पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांसमोर बंद ठेवा, त्याच्या उष्णतेने पाच मिनिटांत धापा टाकतात आणि सगळ्या फोटोत जीभ.

अजून न सुटलेलं म्हणजे स्ट्रिप. केबल एकच आहे, स्ट्रिपचा हेड अजून गुंड्याच्या पाठीमागेच शिट्टी मारतो, आणि तिकडे तो मान वळवतोच. सवय लावायचं पण चालू आहे: घरी हेड लांबच्या कोपऱ्यात, सगळ्यात कमी पॉवरला, उडाला की लगेच खाऊ. क्रम महत्त्वाचा, आधी फ्लॅश मग खाऊ, उलटं केलं तर कुत्रा खाऊलाच घाबरायला शिकतो. आवाज रेकॉर्ड करून फोनवर वाजवून सवय लावू असं ताई म्हणाली, पण तो आवाज फोनमध्ये जातही नाही आणि बाहेरही येत नाही, खराच हेड हवा.

एलईडीवाल्यांसाठी: मित्राचं पॅनल आणून बघितलं. एफ/८ ला हवा तेवढा उजेड करायला गेलं की गुंड्या डोळे बारीक करतो, आणि फ्लॅश क्षणात संपतो तसं याचं नाही, सगळा वेळ तोंडावर. वर डिम केल्यावर बॅट डिटेक्टर धरला तर हे पण करकरतंय! त्याच्यातही स्विचिंग ड्रायव्हर आहेच की. त्यामुळे पॅनल घ्यायचा बेत रद्द, निदान डिटेक्टर लावून ऐकल्याशिवाय नाही.

आणि हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, जुने पॅक-अँड-हेड! सगळी इलेक्ट्रॉनिक्स जमिनीवरच्या पेटीत, कुत्र्याजवळ नुसती ट्यूब, आणि दोन हेड एकाच पेटीवर. मला हवंय ते हेच तर आहे, लोक हे सेकंडहँड काढून टाकतात कारण वजन फार. अडचणी दिसतायत: जुन्यांची सिंक व्होल्टेज (कॅमेऱ्याला जोडायच्या वायरवरचं व्होल्टेज) जास्त असू शकते, सरळ कॅमेऱ्याला जोडायचे नाहीत, मधे रेडिओ ट्रिगर हवा. व्होल्टेज कमी करून पॉवर उतरवणारे असतील तर कमी पॉवरला ड्युरेशन उलटं लांबतं, आणि ब्रोशरमध्ये छापलेला आकडा बहुतेक टी ०.५ चा (उजेड शिखराच्या निम्म्याहून जास्त असतो तेवढाच वेळ) असतो, खरा टी ०.१ (दहाव्या हिश्श्याहून जास्त असतो तो वेळ) त्याच्या तिप्पट धरायचा. बसलेल्या कुत्र्याला चालेल, अंग झटकणाऱ्याला नाही. पेटीत पंखा असेल तर तो वेगळाच.

म्हणून पुढच्या रविवारचा बेत बदलला. दुसरी केबल आत्ता मागवत नाही. स्ट्रिप पूर्ण काढणार आणि त्या जागी पांढरा थर्माकोल उभा करणार, गुंड्याची फर इतकी चकचकीत आहे की की लाइट थर्माकोलवर सांडला तरी पाठीवर रेघ यायला हवी, थोडी मऊ येईल. कोणाकडे पॅक-अँड-हेड चालू अवस्थेत असेल तर दोन गोष्टी सांगा: हेडची केबल किती लांब आहे, आणि पॅक चार्ज होत असताना तुमचा कुत्रा त्याच खोलीत झोपतो का उठून जातो.