तुरटी कुणी फिरवली?

मे महिन्यातली सकाळ. प्रयोगशाळेत पाऊल टाकलं तर आमचे मदतनीस मामा टेबलाशी वाकून उभे होते. मला बघून म्हणाले, "मॅडम, ह्यात तुरटी कुणी फिरवली ओ?"

टेबलावर एक-एक लिटरचे सहा सिलिंडर होते. पाचांत कोकणातला गाळ, देवगडकडच्या एका खाडीकाठच्या खाजणातून, म्हणजे भरतीचं पाणी चढणाऱ्या दलदलीतून, पीव्हीसी पाइप ठोकून काढलेला. सहाव्यात उजनी धरणाचा, करमाळ्याच्या बाजूनं, पाणी ओसरल्यावर जिथं गाळपेर करतात तिथून आणलेला. आदल्या संध्याकाळी सगळे नीट ढवळून ठेवले होते. आता उजनीचा सिलिंडर चहासारखा गढूळ होता आणि खाडीचे पाचही नितळ. त्यांच्यापलीकडं भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरचे आकडे वाचता येत होते.

खाजणातला पाइप उभा चिरला तेव्हाच त्यात दोन काळ दिसले होते. खाली राखाडी, रेताड, शिंपल्यांचे तुकडे असलेला थर. वर काळपट, चिकट, मुळांच्या केसांनी विणलेला. म्हणजे तिथं आधी उघडी पुळणवजा जागा असणार. मग तिवरं आणि मारांडी ही खारफुटीची झाडं आली, भरतीचं पाणी खोडांत अडखळून मंदावलं, बारीक गाळ खाली बसू लागला. गाळानं जमीन उचलली जाते, उंचावलेल्या जमिनीवर भरती कमी वेळा चढते, आणि मग वेगळी झाडं पाय रोवतात. झाड गाळ धरतं आणि गाळ झाड बदलतो. मला हे आकड्यांत दाखवायचं होतं: वरच्या थरात चिकणमाती किती, खालच्यात किती.

त्यासाठी ठरावीक वेळी दहा सेंटिमीटर खोलीवरून पिपेटनं नमुना घ्यायचा. दोन मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजारांशांहून, बारीक कण ती चिकणमाती; त्याहून मोठे कण तोवर खाली गेलेले असतात. दोन मायक्रॉनचा कण तेवढं अंतर उतरायला 20 अंश तापमानाच्या पाण्यात जवळपास पावणेआठ तास घेतो. आमच्याकडं मेमध्ये लाइट गेली की खोली 35 अंशांवर जाते. गरम पाणी पातळ होतं आणि तोच कण साडेपाच तासांच्या आसपास खाली येतो. पुस्तकातली वेळ इथं लावली तर गणित चुकणारच, म्हणून थर्मामीटर सिलिंडरातच ठेवते. पण त्या दिवशीची चूक तापमानाची नव्हती.

मी एक सिलिंडर पुन्हा ढवळला आणि स्टुलावर बसून बघत राहिले. पाच-सात मिनिटांत पाण्यात दाणे दिसायला लागले. नासलेल्या दुधात दिसतात तसे, फक्त तपकिरी. ते एकमेकांना चिकटत होते, मोठे होत होते, हळूहळू पिंजलेल्या कापसासारखे तरंगत खाली येत होते. तासाभरात वरचं पाणी मोकळं झालं. बोटांत चिकटणारा तो गाळ पिपेटच्या हिशोबात चिकणमाती नसल्यासारखाच आला असता.

विद्यार्थिनीला बोलावलं. ती रडवेली झाली. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र चालायला नळाला पाणी लागतं, आणि त्या आठवड्यात पाणी आलं नव्हतं. तीनदा धुवायचा गाळ तिनं एकदाच धुतला होता. मी तिला काही बोलले नाही. पाणी नाही हे मला माहीत होतं. विचारायचं माझं काम होतं आणि मी विचारलं नव्हतं.

गाळात समुद्राचं मीठ राहिलं होतं. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर लोटतात आणि दिवसेंदिवस तरंगत राहतात. मिठातले धन भार त्या ढकलाढकलीला आवर घालतात. मग कण जवळ येतात, पुंजके होतात आणि जड होऊन बसतात. मामांची तुरटी हेच करते. तिच्यातल्या ॲल्युमिनियमचा भार तिप्पट, म्हणून चिमूटभर पुरते.

खात्री करायची म्हणून उजनीच्या सिलिंडरातलं अर्धा लिटर गढूळ पाणी वेगळं काढलं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, त्या हिशोबानं साडेसतरा ग्रॅम मोजून टाकलं. आम्ही तिघंही पुढं सरकलो. सह्याद्रीतून भीमेनं वाहून आणलेली माती, जिनं समुद्र कधी पाहिला नाही, ती आमच्या डोळ्यांदेखत खाडीच्या गाळासारखी गोळा होऊन खाली बसली.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या चोपण रानात उलटं हुतंय बगा. डबकं साचलं तर आठ-आठ दिस निवळत न्हाई."

मोहोळकडं त्यांचं थोडं रान आहे, कॅनॉलच्या पाण्यानं बिघडलेलं. त्यांचं निरीक्षण बिनचूक होतं. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना धरून बसलेला असतो. पावसानं वरचं मीठ धुऊन गेलं की कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. जिप्सम टाकायचं ते यासाठीच: त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि कण पुन्हा एकत्र येतात. मी सांगत होते आणि ते मान डोलवत होते. जिप्समची पोती त्यांनी दोन वर्षं ओढली होती; कारण त्यांना त्या दिवशी दिसलं.

पुढच्या आठवड्यात पाणी आलं, गाळ नीट धुतला, आकडे मिळाले. वरच्या थरात चिकणमाती स्पष्ट जास्त निघाली. तरी मी त्या आकड्यांकडं आता वेगळ्या नजरेनं बघते. मीठ काढून, कण सुटे करून आम्ही मोजतो. खाजणात मात्र कुठलाच कण सुटा उतरत नाही. पावसाळ्यात नदीची लाल माती भरतीच्या पाण्याला भिडते आणि पुंजके होऊनच खोडांत शिरते. दोन मायक्रॉनचा एकटा कण उतरायला तासच्या तास लागतात, तेवढा वेळ भरती थांबत नाही. पुंजका मात्र तेवढ्यात बसू शकतो. केवळ धुतलेल्या गाळावरून खाजण किती वेगानं उंचावतं ते सांगायला निघाले असते, तर चुकले असते.

आता प्रत्येक थराचे दोन सिलिंडर लावतो, एक धुतलेला, एक न धुता. न धुतलेल्याला खाडीचंच पाणी हवं, म्हणून पुढच्या खेपेला गाळासोबत तेही आणायचं आहे. मामांनी वीस-वीस लिटरचे दोन कॅन घासून दाराशी ठेवलेत.